बिघाडाला तारीख असते

जबलपूरच्या उत्तर अंगाला अधारताल आहे. राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांनी बांधवलेल्या तळ्यावरून हे नाव पडलं. राणीचं ते राणीताल, तिच्या दासीचं ते चेरीताल आणि मंत्र्याचं ते अधारताल, ही जोडणी इथला रिक्षावालासुद्धा सांगतो. आज या भागाची ओळख म्हणजे १९६४ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, शेजारची औद्योगिक वसाहत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी. शहर फौजेचं, त्यामुळे निवृत्त सुभेदार-हवालदारांची घरंही भरपूर.

जिथे विद्यार्थी आणि पेन्शनर दोघंही राहतात तिथे टायपिंग-फोटोकॉपीची दुकानं असणारच. प्रबंधाचा मसुदा, प्रवेशाचा फॉर्म, शपथपत्र, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, सगळं शेवटी कागदावर लागतं. अशा दुकानात साधारण तीन संगणक आणि एक लेझर प्रिंटर. प्रिंटर एकाला केबलने जोडलेला, बाकीचे दोघं त्याच्यामार्फत छापतात. तिघांपैकी एक हमखास म्हातारा असतो. त्यावर अजून विंडोज एक्सपी नाहीतर विंडोज सेव्हन. दुकानदार नवा संगणक आणतो आणि त्या दिवसापासून नवा आणि जुना एकमेकांना ओळख देत नाहीत. कधी नव्याला जुन्याचा प्रिंटर दिसत नाही, कधी जुन्याला नव्याचा.

मग म्हातारा काढून का टाकत नाहीत? याचं उत्तर आपल्या लिपीत आहे. मध्य प्रदेशात हिंदी टायपिंग म्हणजे अजून मोठ्या प्रमाणावर कृतिदेव. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर हात बसलेल्या माणसाला तो सोयीचा. आपल्या महाराष्ट्रात तीच जागा श्रीलिपीची आणि सी-डॅकच्या फाँटची. हे फाँट युनिकोडच्या आधीचे. संगणकाच्या लेखी फाईलमध्ये साधी इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तीच फाईल पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फाँट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पण त्याच जुन्या संगणकावरून नेटवर्कने छापलं तर पान फाँटचं रूप घेऊनच पुढे जातं. म्हणून जुन्या संगणकाला शेअर केलेला प्रिंटर लागतोच.

फौजेच्या कार्यालयांतल्या संगणकांबद्दल या ब्लॉगवर मी लिहीत नाही आणि लिहिणारही नाही. दुकानातल्या या भांडणाबद्दल मात्र लिहावंसं वाटतं, कारण खडकवासल्यात शिकताना विंडोज ९८ पाहिलेल्या माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत हा सगळा इतिहास घडला. माझं म्हणणं एवढंच आहे: शेअर प्रिंटरच्या प्रत्येक बिघाडाला एक तारीख असते. कुठल्यातरी वर्षी, बहुतेक वेळा कुठल्यातरी हल्ल्यानंतर, एक दार बंद केलं गेलं. दुकानातला एक संगणक त्या तारखेच्या आधीचा असतो आणि दुसरा नंतरचा. तारीख सापडली की उपाय सापडतो. तो उपाय करावा की करू नये, हेही त्याच तारखेवरून कळतं.

प्रिंटरसाठी आलेलं नेटवर्क

नेटवर्क आधी आलं आणि प्रिंटर त्याला नंतर जोडला गेला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात क्रम जवळपास उलटा आहे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेझर प्रिंटर चालवून दाखवला. सेकंदाला एक पान छापणारं हे यंत्र एकट्या माणसाच्या टेबलावर ठेवणं परवडणारं नव्हतं आणि त्या काळच्या साध्या केबलने त्याला पुरेशा वेगाने मजकूरही पुरवता येत नव्हता. बॉब मेटकाफ यांच्याकडे जे काम आलं ते इमारतीतले संगणक एकमेकांना आणि या प्रिंटरला जोडण्याचं. त्यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणातून इथरनेट जन्माला आलं. आज दुकानातल्या राउटरमागे जी निळी-पिवळी वायर लोंबते, तिचा हा पूर्वज.

प्रिंटर महाग होता म्हणून तो वाटून घ्यायचा, हे गणित पुढेही टिकलं. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट ३,४९५ डॉलरला आला. पुढच्या वर्षी ॲपलचा लेझररायटर ६,९९५ डॉलरला, आणि तो अनेक संगणकांत वाटता येतो हेच त्याच्या विक्रीचं मुख्य बोलणं होतं. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी फाईल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी एक बोली तयार केली. तिचं नाव पुढे एसएमबी पडलं. तिच्या खाली नेटबायोस नावाची संगणकांना हाक मारण्याची पद्धत होती. प्रत्येक संगणकाला जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचं नाव, कुणाशी बोलायचं असेल तर सगळ्या खोलीत ओरडून विचारायचं, "अमुक कोण आहे?" आणि ज्याचं नाव असेल त्याने उत्तर द्यायचं.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर १९९२ मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्स आणलं आणि हे सगळं सामान्य कार्यालयांत पोचलं. या रचनेचं गृहीतक बॅरॅकसारखं होतं. संतरी बाहेरच्या फाटकावर. आतल्या माणसांनी एकमेकांच्या पेट्यांना कुलपं कशाला लावायची? खोलीतला प्रत्येक संगणक आपलाच. इंटरनेट घराघरांत नव्हतं तेव्हा हे गृहीतक फारसं चुकीचं नव्हतं.

एकेका वर्षाचा पहारा

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्ड माणसाला नसून वस्तूला असायचा. प्रिंटरला एक पासवर्ड द्या, ज्याला तो माहीत त्याने छापावं. सुरुवातीच्या लॉगिनच्या चौकटीत 'कॅन्सल' दाबलं तरी संगणक उघडायचा. फक्त नेटवर्क मिळायचं नाही. "कालपर्यंत छापत होतं, आज छापत नाही" या तक्रारीचं उत्तर त्या काळी बऱ्याचदा एवढंच असायचं की कुणीतरी घाईत 'कॅन्सल' दाबलंय. विंडोज एनटीची शिस्त वेगळी होती. तिथे आधी माणसाची ओळख पटवायची, मग त्याला काय मिळेल ते ठरायचं.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या एक्सपीने या दोन घराण्यांचं लग्न लावलं. साध्या माणसासाठी 'सिंपल फाईल शेअरिंग', म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला 'गेस्ट' समजायचं. पण त्याचबरोबर एक नवा नियम आला: ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्याने नेटवर्कवरून आत येता येणार नाही. जुनी नेटब्यूई ही पद्धत एक्सपीच्या सीडीवर एका कोपऱ्यात ठेवलेली होती, आपोआप बसत नव्हती. वर्कग्रुपचं ठरलेलं नावसुद्धा एक्सपी होममध्ये 'एमएसहोम' आणि प्रोफेशनलमध्ये 'वर्कग्रुप'. एकाच टेबलावरचे दोन एक्सपी एकमेकांच्या यादीत दिसत नाहीत, याचं कारण इतकं क्षुल्लक असू शकत होतं.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आणि २००४ च्या वसंतात सॅसर हे किडे पसरले. कुणी काही उघडायची, दाबायची गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणं पुरेसं होतं. ऑगस्ट २००४ मधल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू केली. सुरक्षा वाढली आणि ज्या कार्यालयांत तिची आखणी केली नव्हती तिथले शेअर प्रिंटर गप्प झाले. विस्टाने २००७ मध्ये पासवर्डची ओळख पटवण्याची जुनी, कच्ची रीत वापरणं सोडलं. विंडोज सेव्हनच्या काळात ६४-बिट संगणक सर्रास झाले आणि नवी अडचण आली: ६४-बिट यंत्राकडे असलेला ड्रायव्हर ३२-बिट एक्सपीच्या उपयोगाचा नाही.

मग २०१० साल. सैनिक म्हणून मला या इतिहासातलं हे पान सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी जूनमध्ये बेलारूसमधल्या एका छोट्या कंपनीला स्टक्सनेट सापडला. त्याचं लक्ष्य इराणमधल्या नतान्झच्या सेंट्रिफ्यूज होत्या. तो पेन ड्राइव्हने फिरत होता, पण एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट होती शेअर केलेला प्रिंटर. छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' हा प्रोग्राम पाहुण्याकडून आलेली मागणीही घेत असे. स्टक्सनेट पाहुणा म्हणून छपाईची मागणी पाठवायचा आणि स्पूलरकडून कागदाऐवजी विंडोजच्या फोल्डरमध्येच फाईल लिहून घ्यायचा. मायक्रोसॉफ्टने हे भोक १४ सप्टेंबर २०१० ला बुजवलं. सिमँटेकच्या तेव्हाच्या मोजणीत लागण झालेल्या देशांत इराण पहिला, इंडोनेशिया दुसरा आणि भारत तिसरा होता.

२०१७ मध्ये पाळी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीची. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने तिच्यातली चूक दुरुस्त केली, ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांना १२ मे रोजी वॉनाक्राय भेटला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी कंपनीला त्याच्यासाठी अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. २७ जूनला नॉटपेट्या आला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणा बसल्या. त्याची झळ आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरालाही लागली. मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं संगणकीय काम बंद पडलं. मजकूर होता कंटेनरांचा, पण आत येण्याची वाट होती तीच, शेजाऱ्यावर विश्वास ठेवणारी. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मिळेनाशी झाली. एक्सपीला दुसरी बोली येतच नाही. म्हणून नव्या संगणकाला एक्सपीचा प्रिंटर दिसत नाही: त्या बिघाडाची तारीख ही.

शेवटचं मोठं वळण २०२१ चं. जूनच्या अखेरीस संशोधकांच्या एका गटाकडून स्पूलरवरच्या हल्ल्याचा नमुना वेळेआधी जाहीर झाला. त्याला 'प्रिंटनाइटमेअर' नाव पडलं. ६ जुलैपासून घाईघाईने दुरुस्त्या निघाल्या, आधार संपलेल्या विंडोज सेव्हनसाठीसुद्धा. ऑगस्टमध्ये नियम आला की नेटवर्कवरून ड्रायव्हर घ्यायचा तर ॲडमिनचा अधिकार हवा. सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर, छपाईची मागणी कूटबद्ध होऊन आली नाही तर ती नाकारली जाऊ लागली. ज्या त्रुटी-क्रमांकाच्या शेवटी '११बी' असतं आणि ज्याने तेव्हापासून हजारो दुकानदारांना छळलं, तो हाच.

तपासणीचा क्रम

हा इतिहास डोक्यात ठेवला की तपासणी सोपी होते. जुन्यापासून नव्याकडे या, एकेक तारीख ओलांडत.

पहिलं, ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे त्यावरूनच चाचणीचं पान काढा. ते निघालं नाही तर नेटवर्कचा दोष नाही. रांग अडकली असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरात 'स्पूल' आणि त्यात 'प्रिंटर्स' आहे ते रिकामं करा, स्पूलर पुन्हा चालू करा.

दुसरं, एका संगणकावरून दुसऱ्याला आयपी क्रमांकाने पिंग करा, मग नावाने. क्रमांकाने उत्तर येतं आणि नावाने येत नाही, म्हणजे भांडण १९८३ चं आहे, हाक मारण्याचं. त्या संगणकाला कायमचा क्रमांक द्या आणि प्रिंटर त्या क्रमांकाने जोडा. क्रमांकानेही उत्तर आलं नाही तर आधी वायर आणि राउटर पाहा, पण लक्षात ठेवा, फायरवॉलही पिंग अडवू शकते.

तिसरं, नावं. वर्कग्रुप दोन्हीकडे एकच हवा. शेअर केलेल्या प्रिंटरचं नाव लहान ठेवा, मधे जागा न सोडता. 'हॉलमधला मोठा लेझर' असं लांबलचक नाव जुन्या संगणकांना वाचताच येत नाही.

चौथं, २००४ चा पहारा. फायरवॉलमध्ये 'फाईल आणि प्रिंटर शेअरिंग'ला मुभा आहे का ते बघा. विस्टापासून पुढे नेटवर्क 'पब्लिक' आहे की खासगी, हेही बघावं लागतं. पब्लिक असेल तर संगणक स्वतःला झाकून घेतो. फायरवॉल पूर्ण बंद करून बघण्याचा मोह आवरा; एक खूण करायची असते तिथे भिंत पाडायची नसते.

पाचवं, ओळख. दोन्ही संगणकांवर एकाच नावाचं आणि एकाच पासवर्डचं खातं बनवा. पासवर्ड रिकामा चालणार नाही. एक्सपीपासून तो नियमच आहे.

सहावं, ड्रायव्हर. ३२ आणि ६४ बिटचा मेळ नसेल तर छापणाऱ्या संगणकावर प्रिंटर 'लोकल' म्हणून जोडा, नवा लोकल पोर्ट बनवा आणि पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, संगणकाचं नाव, पुन्हा एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं नाव लिहा. मग आपल्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर हाताने बसवा. समोरच्याकडून ड्रायव्हर मागण्याची गरजच उरत नाही.

एवढं करून दहापैकी बरेच प्रिंटर बोलू लागतात. आणि इथपर्यंत आपण एकही दार उघडं टाकलेलं नाही.

दार कुणासाठी उघडायचं

खरा प्रश्न त्यापुढे येतो. एक्सपी आणि विंडोज ११ जमतच नाहीत, तेव्हा दुरुस्तीवाला दोन गोष्टींपैकी एक करतो. नव्या संगणकावर एसएमबीची पहिली आवृत्ती परत चालू करतो, नाहीतर रजिस्ट्रीत एका नोंदीत शून्य भरून '११बी'चा नियम बंद करतो. प्रिंटर लगेच छापतो. दुकानदार खूश, दुरुस्तीवाल्याचे पैसे वसूल. पण घड्याळ मागे गेलेलं असतं: पहिल्या उपायाने २०१७ च्या आधी, दुसऱ्याने २०२१ च्या आधी. संतरी कंटाळवाणा वाटला म्हणून त्याला पोस्टवरून उठवलं, असा तो प्रकार.

दुकानदाराचं नुकसान काय, असं कुणी विचारेल. त्याचं कदाचित थोडंच. नुकसान त्या निवृत्त हवालदाराचं, ज्याने आपलं आधार, पेन्शनचा आदेश आणि पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करायला दिलं आणि जे त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर महिनोन्‌महिने पडून आहे. नुकसान त्या मुलीचं, जिच्या तीन वर्षांच्या पीक-प्रयोगांच्या नोंदी त्याच फोल्डरात आहेत आणि ज्यांची दुसरी प्रत नाही. वॉनाक्रायसारखा कुणी फायली कुलूपबंद करतो तेव्हा तो मालक कोण हे विचारत नाही. दार उघडण्याचा निर्णय एकाचा आणि किंमत मोजणारे दुसरेच, हे फौजेत कुठल्याही चौकशीत पहिल्या पानावर लिहिलं जाईल.

पर्याय आहेत आणि ते महाग नाहीत. सगळ्यांत चांगला म्हणजे प्रिंटरला संगणकाच्या ताब्यातून सोडवणं. नेटवर्कची सोय आतच असलेले प्रिंटर १९९१ पासून मिळतात. अशा प्रिंटरला स्वतःचा आयपी क्रमांक द्या आणि प्रत्येक संगणकावर 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' बनवून थेट छापा. एक्सपीतही ही सोय आहे. यात विंडोजचं शेअरिंग मधे येतच नाही, म्हणून एसएमबीचं भांडणही नाही. पुढच्या वेळी प्रिंटर घेताना मागच्या बाजूला नेटवर्कचं सॉकेट आहे का, एवढं बघायचं.

प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर त्याच्यासाठी एखादा टाकाऊ संगणक लिनक्स घालून मधे बसवा. त्यावर १९९९ पासून प्रचलित असलेली कप्स ही मोफत छपाई-व्यवस्था चालते. नवे संगणक तिच्याशी नव्या पद्धतीने बोलतात आणि एक्सपीही तिला वेबच्या पत्त्याने गाठू शकतो. आणि एक्सपी ठेवायचाच असेल, तर त्याला इंटरनेट देऊ नका. त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट गेटवे'ची जागा रिकामी सोडा. तो खोलीतल्या प्रिंटरशी बोलेल, खोलीबाहेर जाणार नाही. त्याला पेन ड्राइव्ह लावण्यावरही बंधन घाला. स्टक्सनेटला इंटरनेट लागलं नव्हतं.

संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली वापरायला घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तेवढ्या मोठ्या उडीची अपेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानाकडून नाही. त्याने एवढंच करावं: पुढच्या वेळी प्रिंटर रुसला आणि कुणी "एक सेटिंग बंद केलं की चालतं" म्हणालं, तर विचारावं, हे सेटिंग कधी आलं आणि कशामुळे आलं. उत्तर देता आलं नाही, तर त्या माणसाला ते बंद करू देऊ नये.